ईस्टर १९४२ : नॉर्वेतील ख्रिस्ती मंडळीचे धैर्य आणि त्याची मर्यादा

धैर्य हा व्यक्तीचा गुण होय, अशी समजूत इतिहासलेखनात दृढमूल झालेली आढळते. परकीय सत्तेपुढे न नमलेल्या समाजाचा वृत्तान्त सांगताना एखाद्या नेत्याच्या मनोबलाचा निर्देश केला की घटनेची मीमांसा पुरी झाली, असे पुष्कळदा मानले जाते. जर्मन अंमलाखालील नॉर्वेत १९४२ साली जे घडले, त्याची उपपत्ती मात्र या पद्धतीने लागत नाही. त्या वर्षी ५ एप्रिल रोजी, म्हणजे ईस्टरच्या रविवारी, देशभरच्या ख्रिस्तमंदिरांतून एकच निवेदन वाचण्यात आले. आणि त्या दिवशी व त्यापाठोपाठ तेथील राष्ट्रीय मंडळीच्या धर्मोपदेशकांपैकी सुमारे नऊ दशांश लोकांनी आपल्या शासकीय पदाचा त्याग केला. हे सर्वच लोक स्वभावतः धाडसी होते, असे म्हणता येणार नाही. त्यांतील बहुसंख्य लहान गावांत राहणारे, संसारी आणि सरकारी वेतनावर निर्वाह करणारे गृहस्थ होते. अशा शेकडो माणसांच्या ठिकाणी एकाच सुमारास सारखेच धैर्य कोठून आले, हा येथील विचारणीय प्रश्न आहे.

प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येण्यासाठी नॉर्वेतील धर्मसंस्थेची घडण पाहिली पाहिजे. १५३७ साली डेन्मार्कच्या राजाने नॉर्वेत ल्यूथरप्रणीत धर्मसुधारणा अमलात आणली, तेव्हापासून तेथील मंडळी ही राज्यसंस्थेचे अंग बनली. १८१४ च्या राज्यघटनेनेही ल्यूथरपंथ हाच राज्याचा धर्म ठरविला. लोकसंख्येचा फार मोठा भाग या एकाच मंडळीत मोडत असे. बिशप व धर्मोपदेशक यांची नेमणूक शासन करी. त्यांचे वेतन, त्यांचे निवासस्थान, जन्ममृत्यूंच्या नोंदींसारखी त्यांची कामे ही सर्व शासनाशी निगडित होती. यात भर पडली ती ल्यूथरपंथाच्या परंपरागत शिकवणीची. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायाच्या आधारे, सत्ताधाऱ्यांची आज्ञा पाळणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य होय, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले होते. म्हणजे नॉर्वेतील धर्मोपदेशकाला शासनाशी असहकार करावयाचा, तर प्रथम आपल्या उपजीविकेशी आणि नंतर आपल्या शिकवणीशी झगडावे लागणार होते.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मन सैन्याने नॉर्वेवर आक्रमण केले. ७ जूनला राजा सातवा हाकोन व त्याचे मंत्रिमंडळ देश सोडून इंग्लंडकडे गेले आणि जर्मनीचा राज्यायुक्त योसेफ तेरबोफेन याच्या हाती सत्ता आली. ओस्लोचे बिशप आइविन्द बर्गग्राव यांची या पहिल्या काळातील भूमिका निःसंदिग्ध नव्हती. आक्रमणानंतरच्या आठवड्यातच नभोवाणीवरून त्यांनी नागरिकांना लढाईत भाग न घेण्याचे आवाहन केले होते आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. पुढे प्रतिकाराचे प्रतीक ठरलेला हा पुरुष आरंभी समेटाच्या वाटा शोधीत होता, ही गोष्ट दृष्टिआड करता कामा नये. त्यांचे धैर्य जन्मजात नसून ते क्रमाक्रमाने घडले.

या घडणीतील पहिली पायरी म्हणजे मंडळीच्या अंतर्गत कलहाचे शमन. जानेवारी १९२० मध्ये ओस्लो येथे (त्या वेळचे नाव क्रिस्तियानिया) भरलेल्या एका मोठ्या सभेत सनातनी पक्षाने उदारमतवादी धर्मशास्त्रज्ञांशी सहकार्य न करण्याचा ठराव केला होता. प्राध्यापक ओले हालेस्बी हे या पक्षाचे अग्रणी होते. उलटपक्षी बर्गग्राव हे उदारमतवादी म्हणून ओळखले जात. वीस वर्षे चाललेला हा दुरावा ऑक्टोबर १९४० मध्ये संपुष्टात आला. बर्गग्राव व हालेस्बी यांच्यासह निरनिराळ्या पक्षांच्या प्रतिनिधींनी मिळून एक ख्रिस्ती विचारविनिमय मंडळ स्थापन केले. सिद्धान्तविषयक मतभेद मिटले होते असे नव्हे. परंतु एकमेकांवाचून उभे राहता येणार नाही, एवढे उभयतांस उमगले होते. डिसेंबर १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी राजीनामे दिले. १९४१ च्या आरंभी बिशपांनी एका पत्रकाद्वारे कायद्याची पायमल्ली, सत्ताधारी पक्षाच्या दलाची गुंडगिरी आणि धर्मोपदेशकाने पाळावयाच्या गोपनीयतेवरील आक्रमण यांचा जाहीर निषेध केला. त्याच वर्षी बर्गग्राव यांनी ल्यूथरच्याच लेखनाचा आधार घेऊन, सत्ता उन्मत्त झाली असता अवज्ञा हेच कर्तव्य ठरते, असे प्रतिपादन केले. परंपरेविरुद्ध जाण्याचे बळ अशा रीतीने परंपरेतूनच शोधले गेले.

१ फेब्रुवारी १९४२ रोजी विद्‌कुन क्विस्लिंग याला नॉर्वेचा शासनप्रमुख म्हणून मिरविण्यात आले. त्या निमित्ताने ट्रॉन्डहाइम येथील प्राचीन निदारोस महामंदिरात त्याच्या पक्षाच्या धर्मोपदेशकाकडून सकाळची उपासना चालविण्यात आली. ती बहुतांशी ओस पडली. दुपारी आर्ने फ्येल्बू यांनी चालविलेल्या उपासनेस मात्र लोटलेली गर्दी पोलिसांनी दारातच अडविली. आत प्रवेश न मिळालेले लोक कडाक्याच्या थंडीत बाहेर उभे राहून ल्यूथरचे प्रसिद्ध स्तोत्र गाऊ लागले. शासनाने फ्येल्बू यांना पदच्युत केले. त्याच सुमारास, ५ फेब्रुवारीला, दोन कायदे जाहीर झाले होते : एकाने दहा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना पक्षाच्या युवक संघटनेत सक्तीने दाखल करावयाचे होते, दुसऱ्याने सर्व शिक्षकांना पक्षनियंत्रित संघात गोवावयाचे होते. २४ फेब्रुवारीला देशातील सातही बिशपांनी शासकीय अधिकारपदाचे राजीनामे दिले.

शिक्षकांनीही मान तुकविली नाही. बहुसंख्य शिक्षकांनी संघात सामील होण्यास व्यक्तिशः लेखी नकार दिला. पालकांकडून निषेधाच्या पत्रांचा अक्षरशः पूर लोटला. मार्चच्या उत्तरार्धात सुमारे एक हजार शिक्षकांना अटक झाली आणि महिनाअखेरीस, ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे स्मरण करण्याच्या पवित्र सप्ताहात, त्यांच्यापैकी कित्येक शेकड्यांना मालगाडीतून छळछावणीकडे नेण्यात आले. पुढे एप्रिलच्या मध्यास त्यांतील सुमारे पाचशे जणांना जहाजात कोंबून सुदूर उत्तरेकडील किर्केनेस येथे सक्तमजुरीसाठी धाडले गेले. उत्तम शुक्रवारी मंदिरात जमलेल्या कित्येक कुटुंबांतील पिता, पुत्र वा बंधू त्या वेळी बंदिवासात होता. क्रूसाची कथा ऐकताना त्या श्रोत्यांना ती केवळ दूरच्या काळातील घटना वाटली नसणार.

अशा वातावरणात ५ एप्रिलचा दिवस उजाडला. त्या दिवशी वाचलेल्या निवेदनाचे नाव ‘मंडळीचे अधिष्ठान’ अशा अर्थाचे होते. त्याची सहा कलमे होती. देववचनाचे स्वातंत्र्य, धर्मोपदेशकाची दीक्षा, मंडळीतील पवित्र सहभाग, मुलांच्या संगोपनाबाबत पालकांचा व मंडळीचा हक्क, ख्रिस्ती माणसाचे सत्तेशी असलेले योग्य नाते आणि राज्याधिष्ठित मंडळीचे स्वरूप, हे त्यांचे विषय. जर्मनीत १९३४ साली बार्मेन येथे प्रसिद्ध झालेल्या घोषणेशी त्याचे साधर्म्य जाणवते. परंतु या निवेदनाचे खरे महत्त्व त्यात केलेल्या एका भेदात आहे. धर्मोपदेशकाच्या पदाचे दोन भाग आहेत : एक शासनाने दिलेला, दुसरा दीक्षेने प्राप्त झालेला. पहिला शासनाला परत करता येतो. दुसरा काढून घेण्याचा अधिकार शासनाला नाही. म्हणून राजीनामा देणारा धर्मोपदेशक आपली मंडळी सोडून जाणार नव्हता. तो वेतन सोडणार होता आणि बाप्तिस्मा, विवाह, अंत्यविधी, प्रवचन ही कामे पूर्ववत करीत राहणार होता. राजीनामा म्हणजे पलायन, हा आक्षेप या भेदामुळे आपोआप निरस्त झाला.

यासाठी ईस्टरचाच दिवस का निवडला गेला? व्यावहारिक कारण उघड आहे. त्या दिवशी मंदिरे भरलेली असत. एरव्ही सहसा न फिरकणारे लोकही उपासनेस येत. तथापि एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. कार्यालयात पाठविलेला राजीनामा हा एका व्यक्तीचा व शासनाचा खाजगी व्यवहार असतो. धमकी देऊन वा आमिष दाखवून तो मागे घ्यावयास लावता येतो. भरलेल्या मंदिरात, स्वतःच्या मंडळीसमक्ष वाचलेला राजीनामा हा वाचणारा आणि ऐकणारे यांच्यातील करार ठरतो. वाचणाऱ्याला मागे फिरणे अवघड होते आणि ऐकणाऱ्यांवर त्याला सांभाळण्याची जबाबदारी येते. शिवाय, आपण हे वाचीत आहोत त्याच वेळी पलीकडच्या फ्योर्डकाठच्या गावातही हेच शब्द उच्चारले जात आहेत, ही जाणीव प्रत्येकाजवळ होती. धार्मिक पंचांगाने सर्वांना एक दिवस व एक स्थळ आधीच नेमून दिले होते. कोणतीही गुप्त संघटना इतक्या सहजपणे ते देऊ शकली नसती.

ईस्टरच्या कथेचा आशयही येथे लक्षात घेतला पाहिजे. शुभवर्तमानांतील पुनरुत्थानाचा वृत्तान्त धैर्याने सुरू होत नाही. तो भयाने सुरू होतो. कबरेपाशी गेलेल्या स्त्रिया भयभीत होतात. योहानाच्या वृत्तान्तात शिष्य दारे बंद करून बसलेले आहेत. त्यांचे भय एकेकट्याने केलेल्या मनोनिग्रहाने जात नाही, ते एकत्र जमलेले असताना जाते. नॉर्वेतील धर्मोपदेशकांनी हा वृत्तान्त वर्षानुवर्षे वाचला होता. भय वाटणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे, हे त्या कथेनेच त्यांना सांगितले होते. आणि भ्यालेल्या माणसालाही कृती करण्यास एवढी मोकळीक पुरेशी असते.

शासनाने या कृत्यास बंड मानले. ईस्टरनंतरच्या आठवड्यातच बर्गग्राव यांना तुरुंगात टाकण्यात आले. त्यानंतर लवकरच त्यांना ओस्लोजवळील आस्कर येथे एका लाकडी कुटीत पहाऱ्यात ठेवले गेले, आणि एप्रिल १९४५ पर्यंत ते तेथेच होते. १९४२ च्या त्या एप्रिल महिन्यातच जर्मन लष्करी गुप्तचर खात्याच्या मिषाने हेल्मूट फोन मोल्टके व डीट्रिख बोनहॉफर हे दोन नाझीविरोधी जर्मन ओस्लोस आले. बोनहॉफर यांनी नॉर्वेतील धर्मबंधूंना माघार न घेण्याचा सल्ला दिला. त्या दोघांनाही पुढे १९४५ मध्ये नाझींनी देहान्त दिला. नेता बंदिवासात असूनही चळवळ मोडली नाही. जुलै १९४२ मध्ये हालेस्बी यांच्या नेतृत्वाखाली मंडळीचे हंगामी नेतृत्व घोषित झाले. १९४३ मध्ये हालेस्बीही पकडले गेले, तरी काम चालूच राहिले. वेतन बंद झालेल्या धर्मोपदेशकांचा निर्वाह मंडळीतील लोकांनी वर्गण्या काढून चालविला. शासनाने नेमलेले नवे धर्मोपदेशक व बिशप बहुधा रिकाम्या बाकांपुढे बोलत राहिले. ईस्टरच्या दिवशी झालेला तो अलिखित करार लोकांनी असा पाळला.

या यशाला अनुकूल परिस्थितीचा हातभार लागला, हे मान्य केले पाहिजे. नाझी वंशकल्पनेनुसार नॉर्वेचे लोक जर्मनांचे सगोत्र मानले जात. पोलंडमधील धर्मगुरूंच्या वाट्याला आलेली सरसकट हत्या त्यांच्या वाट्याला आली नाही. जवळजवळ संपूर्ण राष्ट्र एकाच मंडळीत असल्याने तिच्यावरील आघात हा राष्ट्रावरील आघात ठरला. मात्र अनुकूल परिस्थिती संधी देते, कृती देत नाही. शिवाय १९४२ च्या ईस्टरला आपल्याला कोणती शिक्षा होईल, हे त्या माणसांना ठाऊक नव्हते.

या धैर्याची खरी कसोटी मात्र त्याच वर्षाच्या शरद ऋतूत लागली. ऑक्टोबरच्या अखेरीस नॉर्वेतील यहुदी पुरुषांची धरपकड झाली व यहुद्यांची मालमत्ता जप्त करण्याचा कायदा झाला. नोव्हेंबरमध्ये मंडळीच्या नेत्यांनी क्विस्लिंगला निषेधाचे पत्र धाडले. अन्य ख्रिस्ती पंथांनीही त्यास पाठिंबा दिला आणि ते अनेक मंदिरांतून वाचले गेले. युरोपातील अन्य कित्येक मंडळ्या मूक असताना झालेला हा निषेध निःसंशय मोलाचा होता. तरीही २६ नोव्हेंबरला ‘डोनाऊ’ हे जहाज ५३२ यहुद्यांना घेऊन ओस्लो बंदरातून निघाले. त्यांतील बहुतेकांचा ऑशविट्झ येथे अंत झाला. नॉर्वेतून नेलेल्या एकूण ७७३ यहुद्यांपैकी चाळीसही परत आले नाहीत. त्यांना पकडण्याचे काम बव्हंशी नॉर्वेच्याच पोलिसांनी केले होते, आणि ते पोलीसही बाप्तिस्मा घेतलेले, त्याच मंडळीतले होते. शिक्षक आणि मुले ‘आपली’ होती. त्यांच्यासाठी मंडळी वेळेवर उठली. यहुदी शेजाऱ्यांसाठी ती उठली, परंतु उशिरा उठली. जो समुदाय धैर्य देतो, तोच त्या धैर्याची सीमाही आखतो, हा या इतिहासातील कटू बोध होय.

१९४२ च्या ईस्टरचे मूल्यमापन या दोन्ही बाजू समोर ठेवून केले पाहिजे. भित्र्या माणसांना धीट करणारी शक्ती कोठून येते, याचे उत्तर तेथे स्पष्ट मिळते : मिटविलेल्या कलहातून, एकत्र केलेल्या उपासनेतून, एकमेकांचा भार उचलण्याच्या वचनातून. शासनाचे पद आणि दीक्षेचे पद यांतील जो भेद त्या दिवशी संकटापोटी उच्चारला गेला, तो शांततेच्या काळात नॉर्वेने सावकाश स्वीकारला. २०१२ च्या घटनादुरुस्तीने ल्यूथरपंथ हा राज्याचा धर्म राहिला नाही आणि १ जानेवारी २०१७ पासून मंडळी ही शासनाहून वेगळी, स्वतंत्र संस्था झाली. परंतु १९४२ च्या नोव्हेंबरने पुढे केलेला प्रश्न कोणत्याही घटनादुरुस्तीने सुटत नाही. आपल्या मंडळीबाहेरच्या माणसासाठी तेच धैर्य तितक्याच त्वरेने जागे होईल काय, हा प्रश्न ईस्टरचा सण पाळणाऱ्या प्रत्येक पिढीपुढे नव्याने उभा राहतो.