कोळव्याचे कुळ

१९५६च्या कायद्याने दशमान मापांचा अंमल सुरू होईपर्यंत धान्याच्या व्यवहारात शेर, पायली, मण, खंडी ही थोर मंडळी सर्वांच्या परिचयाची होती. परंतु शेराच्या खालच्या अंगाला दोन मापट्यांचा शेर, दोन चिपट्यांचे मापटे आणि दोन कोळव्यांचे चिपटे असा जो किरकोळ परिवार नांदत होता, त्यातील कोळव्याचा, म्हणजे शेराच्या अवघ्या आठव्या हिश्शाचा, पूर्वज मला भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील परिभाषेत अकस्मात भेटला. तेथे चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण आणि सोळा द्रोणांची खारी असा क्रम असून, खारीत १,०२४ वेळा मावणारा हा कुडव त्या सोपानाची तळची पायरी आहे. गुडाचा गूळ ज्या नियमाने झाला, त्याच नियमाने कुडवातील डकाराचा ळकार झाला, असे माझे मत आहे.

मात्र गोमंतकात उतरावे, तर तेथे वीस कुडवांची एक खंडी! देशावरच्या खंडीत, मण बारा पायल्यांचा धरल्यास ७,६८० आणि सोळांचा धरल्यास १०,२४० कोळवी. तेव्हा कुडव म्हणजेच कोळवे असे समजून कोणी घाटावरच्या गृहस्थाने गोव्यात दहा कुडव भाताची कबुलायत लिहून दिली असती, तर अर्धी खंडी मोजताना त्याची जी त्रेधा उडाली असती ती कल्पनेनेच जाणावी.

येथे कानडीचे अभिमानी कोळव्याचे मूळ म्हणून आपले ‘कोळग’ हे माप पुढे करतील, आणि वीस कोळगांचा एक खंडुग होतो हे त्यांचे प्रमाण बिनतोड आहे. पण ते कोळव्याला लागू पडत नसून गोव्याच्या कुडवाला लागू पडते. ज्यांचे लेख संस्कृतात आणि कानडीत कोरले गेले त्या गोव्याच्या कदंब राजांच्या दफ्तरात कोळगाच्या जागेवर कुडव हे संस्कृत नाव चढले असावे, आणि देशावर, जेथे ते दफ्तर पोहोचले नाही, मूळ कुडव आपल्या जुन्या तळच्या पायरीवरच, केवळ उच्चार बदलून, राहिला असावा. उकाराचा ओकार का झाला, हा आक्षेप उरतो खरा. तेवढ्या एका स्वरापुरता शेजारच्या कोळगाचा हक्क मी खुशीने मान्य करतो, बाकी वतन कुडवाचेच.