केसपेपर आणि पुरावा

मरणासन्न रुग्णाची शुश्रूषा हा करुणेचा विषय. त्यात संशोधनाचे काय काम, असा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकास पडू शकतो. वैद्यकासही तो दीर्घकाळ पडत होता. परिहार सेवेतील, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअरमधील, डॉक्टर-परिचारिकांचे संशोधनकौशल्य जोखायचे तर आज बहुधा प्रश्नावली पुढे केली जाते. संदर्भ शोधता येतात का, संख्याशास्त्र कितपत येते, असे तिचे स्वरूप. आणि गुण ज्याचे त्यानेच द्यायचे! ही कौशल्ये निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु या शाखेच्या इतिहासात खरी कसोटी निराळ्याच जागी लागलेली दिसते.

सिसिली सॉण्डर्स या आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका. लंडनच्या सेंट ल्यूक्समध्ये वेदना उसळण्याची वाट न पाहता मॉर्फिन ठरावीक वेळाने दिले जाते, हे त्यांनी स्वयंसेविका असताना पाहिले होते. पुढे एका शल्यविशारदाच्या सल्ल्यावरून त्या वैद्यक शिकल्या आणि १९५७ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टर झाल्या. १९५८ पासून हॅक्नी येथील सेंट जोसेफ्समध्ये त्यांनी सुमारे हजार रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. अनेकांचे बोलणे ध्वनिफितीवर घेतले. शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक दुःख एकवटलेली 'समग्र वेदना' ही त्यांची संकल्पना या ऐकण्यातूनच आली. रुग्णाचे वाक्य हाच येथे पुरावा होता. संहितेशी रोज झटणाऱ्या आपल्यासारख्यांना ही पद्धत परकी वाटू नये.

मात्र नोंद ठेवणे वेगळे आणि स्वतःच्या श्रद्धेवर शंका घेणे वेगळे. १९६७ साली सॉण्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. तेथे डायमॉर्फिन, म्हणजे हेरॉइन, हे मॉर्फिनहून सरस मानले जाई. १९७१ साली रॉबर्ट ट्वायक्रॉस संशोधक म्हणून आले आणि त्यांनी नेमका हाच समज तपासायला घेतला. कोणाला कोणते औषध मिळते हे रुग्णास वा शुश्रूषा करणाऱ्यांस कळू नये अशी चाचणी. सुमारे दोन आठवड्यांनी औषधांची अदलाबदल. ६९९ रुग्ण चाचणीत आले, अदलाबदलीपर्यंत पोचले अवघे १४६. या विषयातील संशोधनाची सारी अडचण या दोन आकड्यांत आहे: ज्यांच्याकडे वेळच नाही त्यांच्याकडे आपण वेळ मागतो. तो मागावा का, हा प्रश्न आम्हांस आजही सुटलेला वाटत नाही. १९७७ साली निष्कर्ष छापून आला. तोंडाने, नियमित व योग्य प्रमाणात दिल्यास दोन औषधांत व्यवहारतः फरक नाही. संस्थेने आपली आवड सोडली आणि पोटात घेण्यासाठी मॉर्फिन स्वीकारले. आमच्या मते या क्षेत्रातील संशोधनकौशल्य ते हेच. प्रश्नावलीत त्याला रकाना सापडणे कठीण.

भारतात अडसर समजाचा नव्हे, भीतीचा होता. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर वैद्यकीय वापराचे मॉर्फिनही दुर्मीळ झाले. १९९३ साली कालिकत येथे डॉ. राजगोपाल व सहकाऱ्यांनी परिहार सेवा सुरू केली. मॉर्फिन घरी दिले तर त्याला पाय फुटतील, ही सरकारदरबारी धास्ती. तिला उत्तर दिले ते नोंदींनी. बाह्यरुग्ण म्हणून तोंडाने मॉर्फिन घेणाऱ्या १,७२३ रुग्णांचा दोन वर्षांचा हिशेब २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. गैरवापराचे वा औषध बाहेर गेल्याचे एकही उदाहरण त्यात आढळले नाही. कायद्यात दुरुस्ती होण्यास मात्र २०१४ साल उजाडावे लागले.