शिकवण, बाक आणि माणूसपण

धर्मांतराच्या इतिहासात आपण बाप्तिस्मे मोजतो, माणसे मोजतो. पण बाप्तिस्म्यानंतर चर्चने त्या माणसाला काय शिकवले आणि त्या शिकवणीने त्याचा आत्मा किती वाढला, हे क्वचितच विचारतो. दलितांच्या दृष्टीने तोच खरा प्रश्न आहे.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) ठाणे उघडले. पुढे त्या भागातील महार-मांगांना बायबलबरोबर अक्षरही मिळाले. प्रॉटेस्टंट पंथात प्रत्येकाने शास्त्र स्वतः वाचावे, अशी अपेक्षा असते. ज्यांना धर्मग्रंथ ऐकण्याचीही बंदी होती, त्यांच्या हाती धर्मग्रंथच आला. शिकवणीची ही बाजू नाकारता येणार नाही.

परंतु शिकवण पुस्तकात आणि जात बाकावर, असेही घडले. रॉबर्ट डी नोबिली हा जेझुइट १६०६ साली मदुरैला आला. जानवे आणि शेंडी ही धर्माची नव्हे, सामाजिक दर्जाची चिन्हे आहेत, असे त्याचे म्हणणे होते. १६२३ साली पोपने ते मान्य केले. ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाचे जानवे तसेच राहिले. दक्षिणेतील ल्यूथरन मंडळ्यांतही अस्पृश्य ख्रिस्ती वेगळे बसत. जात ही 'चालरीत' ठरली की ती पापाच्या यादीतून सुटते. मग धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी तोंडपाठ करूनही सवर्ण ख्रिस्ती माणसाला आपल्या सोवळ्याचा पश्चात्ताप करावा लागत नाही.

कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली चर्चमधून जात ताबडतोब आणि कायमची काढून टाकण्याचा आदेश दिला. तंजावरकडील अनेक सवर्ण ख्रिस्त्यांनी चर्च सोडले, जात सोडली नाही. एका प्याल्यातून प्रभुभोजन घेण्याची वेळ आली, तेव्हा कोणाचा आत्मा किती वाढला ते कळले.

ख्रिस्ती झाल्याने अस्पृश्याची जात सुटली नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. अन्यायाविरुद्ध धर्मांतरितांनी आवाज उठवला नाही, ही त्यांची तक्रार अधिक बोचरी आहे. पुढे १९८१ साली अरविंद निर्मळ या मराठी धर्मशास्त्रज्ञाने बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या धर्मशास्त्राची मागणी केली. दलित ईश्वरविद्येची वाट तिथून रुंद झाली. शिकवण घेणारा आता शिकवण तपासू लागला होता. भारतातील कॅथलिक बिशपांनी २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमधील जातिभेदाची कबुली दिली.

म्हणून प्रश्न शिकवण हवी की नको, हा नाही. जी शिकवण जातीला पाप म्हणत नाही, ती दलिताला नम्रता शिकवते आणि सवर्णाला मोकळे सोडते. अशाने दोघांचाही आत्मा खुजा राहतो. चर्चची शिकवण खरी किती, हे प्रवचनपीठावरून ठरत नाही. ते बाकावर, प्याल्यात आणि दफनभूमीत ठरते.