आठवड्याचा एक पैसा

महोत्सवाच्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यही आहे. या पुस्तिकेच्या अखेरीस ती यादी आपणांस आढळेल. तथापि ती तयार करीत असता माझ्या मनास एक रुखरुख लागून राहिली. रविवारच्या दानपात्रात जी नाणी पडतात, त्यांवर कोणाचे नाव नसते. चार घड्या घालून टाकलेल्या नोटेवर कोणाची सही नसते. असे असूनही आपल्या देवळाच्या भिंती आणि शाळेचे बाक यांत त्या नाण्यांचा वाटा मोठा आहे. ज्यांची नावे कोणत्याही यादीत येणार नाहीत, अशा दात्यांच्या वतीने मी आज ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक कथा सांगणार आहे.

तत्पूर्वी एक कबुली देतो. दान मागण्यासाठी वेदीपाशी उभे राहणे हे इतक्या वर्षांच्या सेवेनंतरही मला जड जाते. ते ओझे हलके व्हावे म्हणून मी कित्येकदा सोपी वाट धरली आहे, आणि 'तुम्ही द्या, देव तुम्हांस त्याहून अधिक परत देईल' असे सांगून मोकळा झालो आहे. हे बोलणे सर्वस्वी खोटे नव्हे. परंतु ज्या व्यापारी अर्थाने ते ऐकले जाते त्या अर्थाने ते खरे नाही. ही माझी चूक मला दाखविली ती फ्रान्स देशातील एका कुमारिकेच्या चरित्राने. तिचे नाव पोलीन जारिको.

पोलीनचा जन्म २२ जुलै १७९९ रोजी लिऑन शहरी झाला. लिऑन हे रेशमी वस्त्रांचे माहेरघर. तिचे वडील रेशमाचे श्रीमंत व्यापारी असून सात भावंडांत ती सर्वांत धाकटी, अर्थात घरात सर्वांची लाडकी होती. सुंदर वस्त्रे, दागिने, मेजवान्या, यांत तिचे बालपण गेले. पंधराव्या वर्षी ती उंचावरून पडली, दीर्घकाळ अंथरुणास खिळली, आणि त्याच दिवसांत तिची आई देवाघरी गेली. पुढे १८१६ सालच्या प्रायश्चित्तकाळात, नटूनथटून संत निझिये यांच्या देवळात गेली असता, तेथे जगातील वैभवाच्या फोलपणावर झालेले प्रवचन तिच्या अंतःकरणास भिडले. तिने दागिने विकले, कामकरी मुलींसारखी साधी वस्त्रे अंगावर घेतली, आणि ज्यांचा रोग बरा होण्यासारखा नव्हता अशा रुग्णांची सेवा ती करू लागली. त्याच वर्षीच्या नाताळात तिने आजन्म कौमार्याचे व्रत घेतले. मात्र ती मठात गेली नाही. प्रापंचिकांमध्ये राहूनच तिला प्रभूचे कार्य करावयाचे होते.

त्या काळी फ्रेंच राज्यक्रांतीच्या वादळाने ख्रिस्तसभेची मिशनकार्ये कंगाल झाली होती. मठ लुटले गेले होते, धर्मगुरू पांगले होते, आणि दूरदेशींच्या मिशनरींस पाठवावयास ना माणसे होती ना पैसा. पोलीनचा भाऊ फिलेआस हा पॅरिस येथे धर्मगुरूपदाचे शिक्षण घेत होता. मिशनांच्या या दैन्याची हकिकत तो बहिणीस पत्रांतून कळवी. पोलीनच्या बहिणीच्या सासरी रेशमाचा कारखाना होता. तेथील कामकरी मुलींस पोलीनने ही पत्रे वाचून दाखविली, आणि दर आठवड्यास एक तांब्याचे नाणे द्याल काय, असे विचारले. हे नाणे म्हणजे फ्रँकचा विसावा हिस्सा. आपण त्यास पैसाच म्हणू. त्या मुली दिवसभर रेशमाच्या धाग्यांशी झगडून पोट भरणाऱ्या. पण त्यांनी होकार दिला.

आता मुख्य प्रसंग. १८१९ सालच्या शरद ऋतूतील एक संध्याकाळ. घरची मंडळी पत्ते खेळत बसली होती आणि पोलीन शेगडीपाशी विचार करीत होती. एकाएकी तिला सारी योजना स्पष्ट दिसली. हाताशी कागद नव्हता, म्हणून खेळातलाच एक पत्ता उचलून तिने त्यावर ती लिहून ठेवली. योजना अशी: प्रत्येकाने दहा जण मिळवावे, त्या दहांनी आठवड्यास एक पैसा द्यावा व मिशनांसाठी प्रार्थना करावी. दहा दहांच्या दहा तुकड्यांवर एक शतप्रमुख, दहा शतांवर एक सहस्रप्रमुख, आणि सर्वांची रक्कम एका मध्यवर्ती ठिकाणी.

बंधूंनो, या योजनेतील शहाणपण नीट पाहा. श्रीमंताकडे जाऊन मोठी रक्कम आणणे पोलीनला अशक्य नव्हते; तिचा बापच श्रीमंत होता. परंतु तिने तसे केले नाही. देणे हा मोजक्यांचा मान न राहता सर्वांचा हक्क व्हावा, ही तिच्या योजनेतील गोम होती. जी मुलगी आजवर केवळ घेणाऱ्यांच्या रांगेत उभी होती, ती त्या एका पैशाने देणाऱ्यांच्या पंगतीस बसली. चीन देशातील एखाद्या अनाम ख्रिस्ती कुटुंबाशी तिचे नाते जडले. दर आठवड्यास तिला कोणीतरी ओळखीचे माणूस भेटे, पैसा घेई, मिशनांचे वर्तमान सांगे. दारिद्र्य तेच होते, मजुरीही तीच होती. पण आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो, ही जाणीव नवी होती. ज्यास आपण समाधान म्हणतो, ते बहुधा यातूनच जन्मास येते.

विरोधही झाला. एका तरुण मुलीने घरोघरी पैसे गोळा करावे, हे कित्येकांस रुचले नाही. तथापि थोड्याच काळात सुमारे हजार माणसे तिच्या तुकड्यांत सामील झाली, आणि जमलेला पैसा पॅरिस येथील परदेशी मिशन संस्थेस जाऊ लागला. आपल्या देशातील पाँडिचेरीचे मिशन त्या संस्थेकडेच होते. पुढे अमेरिकेतील लुईझियाना प्रांताच्या बिशपांस साहाय्य करावे म्हणून लिऑनचे काही गृहस्थ ३ मे १८२२ रोजी एकत्र जमले. कोण्या एका मिशनास मदत न करता जगातील सर्व मिशनांस करावी, असा त्यांनी निर्णय केला, आणि पोलीनच्या तुकड्यांची घडी जशीच्या तशी उचलून 'श्रद्धाप्रसार संस्था' स्थापिली. संस्थेचे व्यवस्थापक झाले ते गृहस्थ. पोलीन बाजूस राहिली. तिने तक्रार केली नाही. आपण केवळ आग पेटविणारी काडी होतो, असे ती म्हणत असे. काडी जळून जाते, आग राहते.

संस्थेने मिशनरींची पत्रे छापून प्रत्येक तुकडीत फिरविण्याची व्यवस्था केली. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली सुरू केलेल्या 'निरोप्या'च्या वाचकांस, दूरची वार्ता घरात आली म्हणजे दानाचा हात कसा मोकळा होतो, हे निराळे सांगावयास नको. १८२६ साली पोलीनने 'जिवंत जपमाळ' आरंभिली. पंधरा जणांचा गट, आणि त्या काळच्या पंधरा रहस्यांपैकी एकेक रहस्य प्रत्येकाच्या वाट्यास. येथेही तेच तत्त्व: प्रत्येकाचा वाटा लहान, माळ मात्र पूर्ण.

येथपर्यंतची कथा ऐकून कोणी म्हणेल, देवाने तिच्या दानाचे फळ दिले. आता पुढचे ऐका.

लिऑनच्या विणकरांनी १८३१ व १८३४ साली बंडे केली. त्यांची उपासमार पोलीनने डोळ्यांनी पाहिली होती. कामकऱ्यास योग्य वेतन, रविवारची विश्रांती, कुटुंबासह राहण्यास घर आणि मुलांस शाळा मिळेल असा एक आदर्श कारखाना काढावा, या हेतूने तिने १८४५ साली रुस्त्रेल येथील लोखंडाची भट्टी विकत घेतली. तिने आपली मालमत्ता त्यात घातली. तिच्यावर विश्वास ठेवून पुष्कळ लहान माणसांनीही आपली शिल्लक तिच्या हाती दिली. परंतु ज्यांच्यावर तिने कारभार सोपविला त्यांनी तिचा विश्वासघात केला. पैसा नाहीसा झाला, आणि १८५२ साली सारे बुडाले.

तेव्हापासून दहा वर्षे ती कर्जाच्या ओझ्याखाली जगली. ज्या गरिबांचे पैसे बुडाले, त्यांचे देणे फेडावे म्हणून ती उतारवयात, दुखणे अंगावर काढीत, गावोगाव मदत मागत हिंडली. जिच्या योजनेतून जगभरच्या मिशनांस लक्षावधी फ्रँक मिळत होते, तिला स्वतः दारिद्र्याचा दाखला घ्यावा लागला. तिच्याच कल्पनेतून उभ्या राहिलेल्या संस्थेकडूनही तिला साहाय्य मिळाले नाही. आर्स गावचे धर्मगुरू संत जॉन मेरी व्हियानी तिला ओळखत. क्रूस कसा वाहावा हे जाणणारी व्यक्ती म्हणून त्यांनी तिची प्रशंसा केली, आणि तिला एक लहानसा लाकडी क्रूस दिला. ९ जानेवारी १८६२ रोजी ती निर्धन अवस्थेत मरण पावली.

मग सांगा, देवाने तिला 'अधिक परत' दिले काय? पैशाच्या हिशेबात एक दमडीही दिली नाही. आणि तरीही तिने कोणाचा द्वेष केला नाही. फसविणाऱ्यांस तिने क्षमा केली. आपण दिले याचा तिला पश्चात्ताप झाला नाही. दुःख झाले ते एवढेच, की आपल्यामुळे गरिबांची शिल्लक गेली. या दुःखाकडे मी आदराने पाहतो. औदार्य म्हणजे हिशेबाविषयी बेफिकिरी नव्हे. दुसऱ्याच्या विश्वासाने आलेला पैसा हा आपल्या पैशाहून अधिक पवित्र असतो. ज्या धर्मगुरूच्या हाती धर्मग्रामाची पेटी आहे, त्याने तर हे रोज आठवावे.

परत मिळेल म्हणून जो देतो, तो एक प्रकारे उसने देतो. त्याची नजर वाटेकडे लागलेली असते, आणि वाट पाहणाऱ्यास समाधान कोठले? पोलीनने आपले दिलेले परत मागितले नाही. म्हणून तिच्यापासून सर्व काही हिरावले गेले तरी तिचा आनंद हिरावता आला नाही. तो आनंद देण्यानंतर मिळावयाचे बक्षीस नव्हता. तो देण्यातच होता. मंदिराच्या भांडारात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची प्रभूने वाखाणणी केली; पण ती घरी परतल्यावर तिच्या मडक्यात धान्य वाढले, असे शुभवर्तमानकार कोठेही सांगत नाही.

पोलीनच्या मृत्यूनंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९२२ साली पोप अकरावे पायस यांनी श्रद्धाप्रसार संस्था रोमला नेऊन तिला परमगुरूंच्या संस्थेचा दर्जा दिला. १९२६ साली त्यांनीच ऑक्टोबरचा शेवटून दुसरा रविवार 'मिशन रविवार' म्हणून नेमून दिला. त्या दिवशी आपण दानपात्रात जे टाकतो, ते लिऑनच्या त्या मुलींच्या पैशाशेजारीच जाऊन पडते. २२ मे २०२२ रोजी, संस्थेच्या स्थापनेस दोनशे वर्षे झाली असता, लिऑन येथे पोलीनला धन्यवादित घोषित करण्यात आले. नटूनथटून गेलेल्या मुलीने ज्या देवळात ते प्रवचन ऐकले, त्याच संत निझिये यांच्या देवळात आज तिची समाधी आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, या महोत्सवी वर्षी मी आपणांपाशी मोठी देणगी मागत नाही. ज्या घरी अडचण आहे त्या घराने संकोच करू नये, आणि ज्या घरी सुबत्ता आहे त्याने एकदाच मोठी रक्कम देऊन मोकळे होऊ नये. दर आठवड्यास थोडे, पण मनापासून द्यावे. आणि देताना ज्याला आपण कधी पाहणार नाही अशा एखाद्या बंधूचे स्मरण करावे. मुलांच्या हातात नाणे देऊन त्यांस ते स्वतः टाकू द्यावे, कारण देण्याची गोडी लहानपणी लागली तर ती जन्मभर पुरते.

आणि मी? यापुढे दान मागताना दुप्पट परताव्याची भाषा मी बोलणार नाही, असा मी निश्चय केला आहे. ज्याने आपणांसाठी स्वतःस दिले आणि काहीही राखून ठेवले नाही, त्या प्रभु येशूकडे बोट दाखविणे मला पुरेसे आहे. त्याची कृपा व त्याची शांती आपणां सर्वांच्या घरी सदैव नांदो.