टिळकांचें कॉलेजांतील पहिलें वर्ष

वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या मार्गावर केळझर हें गांव आहे. महाभारतांतील एकचक्रा नगरी ती हीच, अशी तेथील लोकांची श्रद्धा. पांडव या नगरींत ब्राह्मणवेषानें भिक्षेवर राहिले, आणि मिळालेल्या भिक्षेचा अर्धा वाटा एकट्या भीमास देऊन उरलेल्या अर्ध्यांत कुंतीनें व इतर भावांनीं भागविलें. या वाटणींत अन्याय झाला असें कोणी म्हणत नाहीं. बकासुराशीं गांठ पडली तेव्हां तो वाटा कामीं आला.

एकोणिसाव्या शतकांतील सुशिक्षित महाराष्ट्रानें मात्र सगळा वाटा डोक्यास दिला. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें आणि परीक्षेचा धाक घरांत शिरला. रात्रीं दिव्यापाशीं जागरण, बेताचें अन्न, आणि नापास झाल्यास घरीं तोंड कसें दाखवावें ही विवंचना! चिपळूणकर १८८२ सालीं बत्तिसाव्या वर्षीं गेले. न्यायमूर्ति तेलंग १८९३ सालीं अवघ्या ४३ व्या वर्षीं. पदवीधर अल्पायुषी कां, हा प्रश्न विचारी लोकांस पडूं लागला. त्याचें खापर एकट्या पुस्तकांवर फोडणें रास्त नव्हे. पण असा प्रश्न निघावा, हेंच पुरेसें बोलकें आहे.

या पार्श्वभूमीवर बळवंतराव टिळकांचें डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष विलक्षण वाटतें. १८७२ सालीं मॅट्रिक होऊन ते कॉलेजांत आले तेव्हां प्रकृति अगदींच किरकोळ होती. वडील नुकतेच वारलेले, लग्न झालेलें. अशा मुलानें नेमलेलीं पुस्तकें घोकावीं, असेंच कोणीहि म्हणाला असता. टिळकांनीं तालीम धरली. कुस्ती, नदींत पोहणें, नाव वल्हविणें आणि त्यास साजेसा आहार. वर्गांतील हजेरी यथातथाच. वर्षाअखेर ते नापास झाले. ती समजून उमजून मोजलेली किंमत होती. पुढें केरो लक्ष्मण छत्रे यांच्यापाशीं आवडीचें गणित शिकून ते पहिल्या वर्गांत बी. ए. झाले, व १८७९ सालीं एल्‌एल्. बी. १९०८ सालीं सहा वर्षांची शिक्षा घेऊन मंडालेस गेले तेव्हां वय बावन्न, सोबतीस मधुमेह. तरीहि 'गीतारहस्य' तेथेंच लिहून झालें.

मात्र या गोष्टीस दुसरी बाजू आहे, व ती सहसा कोणी सांगत नाहीं. एक वर्ष गमाविण्याची ऐपत टिळकांपाशीं होती. त्यांचे स्नेही गोपाळ गणेश आगरकर यांच्यापाशीं नव्हती. टेंभूच्या गरीब घरांतील हा मुलगा एकच सदरा रात्रीं धुवून सकाळीं अंगांत घाली, असें सांगतात. त्यास तालमीचा उपदेश करणें म्हणजे उपाशास पथ्य सांगणें होय. परीक्षेच्या ओढाताणींत त्यास विसावा मिळे तो मित्राच्या सहवासांत. टिळक कायद्याचा अभ्यास करीत असतां हे दोघे कॉलेजच्या परिसरांत तासन्‌तास बोलत बसत. सरकारी नोकरीच्या वाटेस न जातां शिक्षणाचें कार्य करावयाचें, हा निश्चय त्या बोलण्यांतून झाला, आणि जानेवारी १८८० मध्यें न्यू इंग्लिश स्कूल निघालें. आगरकर त्याच वर्षीं एम्. ए. होऊन मागाहून शाळेस मिळाले.

पुढें मतभेदानें ही मैत्री तुटली. दम्यानें जर्जर झालेले आगरकर १७ जून १८९५ रोजीं, ३९ वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, वारले. 'केसरी'तील त्यांचा मृत्युलेख टिळकांनींच लिहिला.