नाव घालण्याआधीचे महिने
महापालिकेच्या प्रसूतिगृहात 'नाव घालणे' हा मुंबई-पुण्याच्या वस्त्यांमधील रूढ शब्दप्रयोग आहे. नाव घातले की केसपेपर निघतो, वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिनची नोंद होते, लोहाच्या गोळ्या हाती पडतात. परंतु धुणीभांडी करणाऱ्या किंवा बांधकामावर जाणाऱ्या स्त्रीचे नाव अनेकदा तिसरा महिना उलटल्यावरच घातले जाते. बाह्यरुग्ण विभागाची वेळ सकाळची आणि कामाची वेळही तीच. खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे बुडतात.

या विलंबाची किंमत बाळाला मोजावी लागते. गर्भाच्या मेंदूची व मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. ती नीट बंद व्हावी यासाठी लागणारे फॉलिक अॅसिड त्यापूर्वीच आईच्या शरीरात असावे लागते. अनेकींना तोवर दिवस गेल्याचेही कळलेले नसते.

याचा अर्थ नंतरच्या तपासण्या निरर्थक आहेत असा नव्हे. गरोदरपणातील धनुर्वाताच्या लसीमुळे नवजात बालकांच्या मृत्यूचे एक मोठे कारण जवळपास नाहीसे झाले. भारतात माता व नवजात अर्भकांमधील धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. वाढलेला रक्तदाब वेळीच लक्षात आला तर अपुऱ्या दिवसांची प्रसूती व मृतजन्म यांचा धोका कमी करता येतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात ७० टक्के मातांची पहिली तपासणी पहिल्या तिमाहीत झाली होती. किमान चार तपासण्या झालेल्या माता मात्र ५८ टक्के, तर १८० दिवस लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या अवघ्या २६ टक्के होत्या. गोळ्या मोफत मिळतात, पण त्यांनी मळमळते, शौचाचा रंग काळा होतो. गोळ्यांमुळे मूल फार मोठे होऊन बाळंतपण अडते, असाही समज आहे. शिवाय गोळी चहासोबत घेतल्यास लोह पुरेसे शोषले जात नाही, ही साधी बाब गर्दीच्या रांगेत सांगायला कोणाला सवड नसते.

जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजन असलेल्या बाळाला जंतुसंसर्गाचा व मृत्यूचा धोका अधिक असतो. हे वजन आईच्या ताटाशी कसे जोडलेले आहे, याचा महत्त्वाचा अभ्यास महाराष्ट्रातच झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींची पाहणी केली. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा खाणाऱ्या स्त्रियांची बाळे आकाराने मोठी असल्याचे या पाहणीत आढळले.

मग हे पदार्थ मुद्दाम खायला दिले तर? २००६ ते २०१२ या काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये डॉ. रमेश पोतदार यांच्या नेतृत्वाखाली नेमका हाच प्रयोग झाला. साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोजचा ताजा खाऊ देण्यात आला. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळे व दूध होते. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा, कांदा यांसारखे पदार्थ. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष विचारात टाकणारे आहेत. सर्व स्त्रियांचा एकत्रित विचार करता बाळांच्या वजनात ठोस फरक दिसला नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेणाऱ्यांची बाळे मात्र सरासरी ४८ ग्रॅमने जड होती. गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाणही १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के आढळले.

त्यातील एक तपशील अधिक बोचरा आहे. मुळातच अतिशय कृश असलेल्या स्त्रियांच्या बाळांना वजनाचा लाभ झालाच नाही. तो मुख्यतः त्यातल्या त्यात अंगाने बऱ्या असलेल्यांना मिळाला. ज्यांना गरज सर्वाधिक, त्यांची वर्षानुवर्षांची उणीव काही महिन्यांच्या खाऊने भरून निघाली नाही. वरील सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या, तर गर्भवतींमध्ये हे प्रमाण ५२ टक्के होते. म्हणजे रक्तक्षय गरोदरपणात सुरू होत नाही. तो घेऊनच बहुतेकींचे गरोदरपण सुरू होते.

सरकारी मदतीची रचना मात्र नोंदणीपासून पुढची आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गर्भवतीला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. २०१७ पासूनच्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये ठरले, आणि उरलेली रक्कम जननी सुरक्षा योजनेतून भरून निघते असे मानले गेले. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजारांची तरतूद झाली. त्याच २०१७ मध्ये संघटित क्षेत्रातील महिलांची भरपगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची करण्यात आली. घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत रजा म्हणजे पगारकपात, क्वचित कामच सुटणे. योजनेचा पहिला हप्ता नोंदणी व किमान एक तपासणी झाल्यावर मिळतो. त्या तपासणीसाठीचा खाडा तिला आधी पदरमोड करूनच घ्यावा लागतो.