फड, नाल आणि पूलचे टेबल

दौंड तालुक्यात ‘फड’ हा शब्द चार ठिकाणी लागतो: ऊसतोडीचा फड, कुस्तीचा फड, तमाशाचा फड आणि जुगाराचा फड. पुणे-सोलापूर महामार्गावर यवत आणि चौफुला यांच्या दरम्यान वसलेल्या भांडगावच्या परिसरात पहिल्या तिन्हींच्या जागा ठरलेल्या आहेत. ऊस कालव्याच्या पाण्यावर उभा, कुस्ती यात्रेच्या मैदानात, तमाशा चौफुल्याच्या कला केंद्रांत. चौथा फड मात्र कायम जागा बदलत आला. कधी यात्रेतल्या पालात, कधी मळ्यातल्या झाडाखाली, पुढे परमिट रूमच्या मागच्या खोलीत, आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हिरव्या कापडाच्या टेबलाभोवती. पूल हा या फडातला सर्वांत नवा खेळ. त्याच्याभोवतीचा व्यवहार तेवढा नवा नाही.

या व्यवहाराच्या मुळाशी ‘नाल’ आहे. जुगाराची जागा चालवणारा प्रत्येक डावातून जो वाटा काढून घेतो त्याला मराठीत नाल म्हणतात. खेळणारा जिंको वा हरो, नाल निघतेच. शब्द अलीकडचा वाटला तरी प्रथा फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष हा सरकारी अधिकारी जुगार एकाच ठिकाणी खेळवतो, फासे स्वतः पुरवतो, त्यांचे भाडे घेतो आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा 5 कापून घेतो. दिलेले फासे बदलणाऱ्याला दंड आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत जुगारघर चालवणाऱ्याला सभिक म्हटले आहे. मोठ्या डावावर त्याला शेकडा 5 आणि लहान डावावर शेकडा 10 मिळत. त्यातून राजाचा भाग द्यायचा आणि जिंकणाऱ्याला त्याचा पैसा वसूल करून द्यायचा, ही त्याची जबाबदारी होती. लहान डावावर दुप्पट दर का, याचे कारण स्मृतिकार सांगत नाहीत. दुकानदाराला ते विचारावेही लागणार नाही.

भांडगावच्या नैर्ऋत्येला, शेजारच्या पुरंदर तालुक्यात जेजुरी आहे. तिथल्या देवाची कथाही पटावरूनच वळण घेते. खंडोबा म्हाळसेबरोबर सारीपाट खेळतो, हरतो आणि ठरल्याप्रमाणे बारा वर्षे घराबाहेर पडतो. ती वर्षे तो बाणाईच्या वाड्यावर मेंढरे राखत काढतो. देवाला बाणाईकडे जायचेच होते आणि त्यासाठी तो मुद्दाम हरला, असाही कथेचा एक धागा आहे. हरण्यातच ज्याचा फायदा असतो असा खेळाडू या मुलखाच्या कथेत फार पूर्वीपासून आहे. पूलच्या टेबलाशी तो पुन्हा भेटतो.

गावच्या यात्रेत पैजेची दोन रूपे शेजारी शेजारी नांदत. मैदानात कुस्त्या लागत. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर सुरू होत, मग रुपयांवर चढत जात. इनामाची रक्कम पुकारली जाई, पंच ठरलेले असत, हलगीच्या कडकडाटात सगळ्या गावादेखत निकाल लागे आणि पैसे तिथल्या तिथे हातात पडत. मैदानाच्या कडेला, पालांच्या आडोशाला सोरट आणि तीन पत्त्यांचा डाव चाले. तीन पत्ते उपडे फिरवणाऱ्याभोवती जी गर्दी दिसे, तिच्यातले दोघे-तिघे त्याचेच असत. त्यांपैकी एक जण भराभर जिंकत सुटे, आणि ते पाहून यात्रेला आलेला पोरगा खिशात हात घाली. कुस्तीतही हार होती आणि पैसाही होता. पण तिथे पंच होता, रक्कम आधी जाहीर होती आणि हरणाऱ्याला आपल्या खिशातले काही द्यावे लागत नव्हते. आडोशाच्या डावात यांतले एकही नव्हते.

काठी आणि चेंडूंचा खेळ या भागात लष्कराबरोबर आला. पुणे आणि खडकीच्या छावण्यांमधील मेसमध्ये व क्लबांत बिलियर्ड्सची टेबले होती. 1858 साली पुण्याहून दिकसाळपर्यंत रेल्वे सुरू झाली आणि यवत, केडगाव, दौंड ही गावे त्या मार्गावर आली. पण टेबल बराच काळ छावणीच्या कुंपणातच राहिले. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, खाली दगडी पाट्या असलेले ते धूड हलवणेही सोपे नव्हते.

‘पूल’ हा शब्दही पैजेतूनच आला आहे. सगळ्यांनी मिळून मध्ये टाकलेल्या रकमेला पूल म्हणत. ब्रिटिश अधिकाऱ्यांचा आवडता ‘लाईफ पूल’ हा उघड जुगार होता. प्रत्येक जण ठरलेली रक्कम मध्ये टाकी. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा चेंडू आणि तीन जीव मिळत. ज्याचा चेंडू खिशात जाई त्याचा एक जीव कमी होई आणि चेंडू घालवणाऱ्याला त्याच्याकडून दंड मिळे. शेवटपर्यंत टिकलेला सगळी रक्कम उचले. 1875 साली जबलपूरच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने अशाच काही खेळांची सरमिसळ करून स्नूकर तयार केला. म्हणजे आज सभ्य गणला जाणारा स्नूकरही पैजेच्या घरातच जन्मला. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात ‘पूलरूम’ म्हणजे घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याची जागा. दोन शर्यतींमधला वेळ घालवायला तिथे बिलियर्ड्सची टेबले ठेवलेली असत. जुगाराची बदनामी पुढे त्या टेबलांना आणि खेळालाही चिकटली.

क्लबांतल्या टेबलाशी साहेबाखेरीज आणखी एक माणूस कायम उभा असे, तो म्हणजे मार्कर. गुण मोजायचे, चेंडू पुन्हा मांडायचे, काठ्यांची निगा राखायची आणि जोडीदार नसलेल्या सभासदाशी खेळायचे, ही त्याची कामे. दिवसभर टेबलाशी राहून अनेक मार्कर सभासदांपेक्षा सरस खेळू लागले. पण पगारावरच राहिले. याच पुण्यात 1922 साली विल्सन जोन्स यांचा जन्म झाला. बिलियर्ड्सचे 12 आणि स्नूकरचे 5 राष्ट्रीय किताब मिळवणारे जोन्स 1958 साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते ठरले. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेले ते पहिले भारतीय. 1964 साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी हे विजेतेपद पुन्हा मिळवले. त्यानंतर मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी 1977, 1981 आणि 1983 असे तीनदा तेच यश मिळवले. टेबलाचा एक रस्ता असा मानाच्या किताबांकडे जात होता. दुसरा रस्ता कुठे जातो, याची नोंद फौजदारी कायद्याने ठेवली.

मुंबई प्रांताचा जुगार प्रतिबंधक कायदा 1887 सालचा. महाराष्ट्रात आजही छापे त्याच कायद्याखाली पडतात आणि ‘जुगाराचे साहित्य जप्त’ हे वर्तमानपत्री वाक्यही त्याच्याच परिभाषेतले. कलम 4 जुगारघर चालवणाऱ्यासाठी, कलम 5 तिथे सापडणाऱ्यासाठी आणि कलम 12 रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी खेळणाऱ्यासाठी आहे. कलम 13 मात्र वेगळे आहे: निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, मग तो कुठेही खेळला जावो. या एका ओळीच्या भरवशावर बिलियर्ड्स, स्नूकर, पूल आणि कॅरम उघडपणे खेळले गेले. ही ओळ खेळाला वाचवते, अड्ड्याला नाही. सिकंदराबादच्या एका क्लबवरील रमीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. पण क्लबचा मालक खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, असेही सांगून ठेवले. कायद्याचे बोट अखेर पुन्हा नालेवरच येऊन थांबले.

उधारीबाबत कायदा आणखी स्पष्ट होता. 1872 च्या करार कायद्यातील कलम 30 प्रमाणे पैजेचा करार निरर्थक आहे. जिंकलेली रक्कम कोर्टातून वसूल होत नाही. मुंबई प्रांतात तर त्याआधीच, 1865 च्या कायद्याने, पैजेसाठी दिलेल्या कर्जासारख्या आनुषंगिक व्यवहारांनाही हाच नियम लागू झाला होता. अल्पवयीनाने केलेला करार मुळातच रद्द असतो, हे 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने ठरवून दिले. सतरा वर्षांच्या मुलाने टेबलाशेजारी लिहून दिलेल्या चिठ्ठीला त्यामुळे कोर्टात किंमत नाही. अडचण अशी की ही चिठ्ठी कोर्टात कधी जातच नाही. ती घरी जाते. वसुली गाडीच्या चाव्या काढून, मोबाईल ठेवून घेऊन, वडिलांच्या दारात माणसे उभी करून होते. महिना शेकडा 10 दराने फिरणाऱ्या असल्या पैशाला मराठीत खासगी सावकारी म्हणतात. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी नियमन कायद्याने परवान्याशिवाय केलेल्या सावकारीसाठी तुरुंगवासाची तरतूद केली आहे.

1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबई राज्यात पिण्यासाठी परवाना लागू लागला. बंदी पुढे सैल झाली, तरी ‘परमिट रूम’ हे नाव पाटीवर राहिले. महामार्गावर ट्रक, साखर आणि गूळ जसा वाढला तशा या खोल्याही वाढल्या. 1960 च्या दशकात मुंबईतून मटका आला. त्याबरोबर आकडा, जोडी, ओपन, क्लोज हे शब्द गावोगाव पोहोचले. मागच्या खोलीत तिरट आणि पपलू हे पत्त्यांचे डाव चालत. 1990 नंतर पुण्यात पूल पार्लर निघाली. पूलचे टेबल स्नूकरपेक्षा लहान, आठ-नऊ फुटांचे. जागा कमी लागे आणि डाव दहा मिनिटांत संपे. टेबल उपनगरांतून तालुक्यांकडे आणि तिथून महामार्गाकडे सरकले. बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षे ही राज्यातली वयाची अट. पूलच्या काठीला मात्र वय नव्हते. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा या खोलीत शिरला तो या फटीतून.

पार्लरमधली पहिली पैज साधी असते: हरणारा टेबलचे पैसे देणार. मालकाचे भाडे निघते आणि कुणाला हा जुगार वाटत नाही. पुढची पायरी फ्रेममागे, म्हणजे डावामागे, शंभर रुपये. मग एखाद्या संध्याकाळी अनोळखी माणूस येतो. तो भिंतीवरची कुठलीही काठी उचलतो, खडू लावायला विसरतो, पहिल्या दोन फ्रेम हरतो आणि हसत पैसे देतो. तो सोपा चेंडूही खिशाच्या तोंडावर अडकवतो. नीट पाहणाऱ्याने मात्र तो चेंडू पाहायचा नसतो, पांढरा पाहायचा असतो. प्रत्येक चुकीनंतर पांढरा चेंडू अशा जागी थांबतो की समोरच्याला सरळ फटका मिळत नाही. नवशिक्याचा पांढरा टेबलभर भटकतो. या पाहुण्याचा दर वेळी आडोसा धरतो. तिसऱ्या फ्रेमनंतर हा पाहुणा ‘डबल करू’ म्हणतो. तोवर जिंकणाऱ्या पोरासमोर कुणीतरी ग्लास ठेवलेला असतो. पाचव्या फ्रेमला रक्कम हजारात गेलेली असते आणि पाहुण्याला खडू आठवलेला असतो. यात्रेतला तीन पत्तेवाला गर्दीतल्या माणसाला जिंकवून दाखवी. इथे खुद्द गिऱ्हाईकालाच आधी जिंकवले जाते, एवढाच फरक.

जुन्या खेळाडूंच्या सवयी याच अनुभवातून पडल्या. फ्रेम किती आणि रक्कम किती हे आधी ठरवायचे, ‘डबल’ ला नकार द्यायचा. दोघांचे पैसे सुरुवातीलाच तिसऱ्या, दोघांना मान्य असलेल्या माणसाकडे द्यायचे. खिशात आहे त्यावरच खेळायचे; टेबलाशेजारी मिळणारे पैसे घ्यायचे नाहीत. काठी हातात असेपर्यंत प्यायचे नाही आणि घरी जायला आपला माणूस बरोबर ठेवायचा. हरल्यावर त्याच रात्री परत खेळायचे नाही. यांतले बहुतेक नियम कुस्तीच्या मैदानातले आहेत: रक्कम आधी जाहीर, मध्ये पंच, निकालानंतर हिशेब संपला. कायद्याच्या दृष्टीने मात्र या सवयी म्हणजे अभय नव्हे. मालक नाल घेत असेल तर छापा पडल्यावर सावध खेळाडूही तिथे सापडलेल्यांच्या यादीत येतो.

15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून 500 मीटरच्या आतील दारूविक्रीवर बंदी घातली. 31 मार्च 2017 च्या आदेशाने वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी हे अंतर 220 मीटर झाले आणि बारही त्यात धरले गेले. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या धंद्यालाही त्याचा फटका बसला. पुढे नियम शिथिल झाले, तरी तोवर पैजेने जागा पुन्हा बदलली होती. ती खिशातल्या मोबाईलमध्ये गेली. रमी आणि पूलच्या ॲपमध्ये मागची खोली नव्हती, ग्लास नव्हता, अनोळखी पाहुणा दिसत नव्हता. नाल मात्र होती, आता तिला प्लॅटफॉर्म फी म्हणत. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. हा कायदा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, असा भेद करत नाही. 1887 च्या कलम 13 मधली ओळ त्यामुळे पडद्यावरच्या पूलच्या कामाची उरली नाही. महामार्गालगतच्या खोलीत, हिरव्या कापडाच्या खऱ्या टेबलावर ती अजून लागू आहे.